‘ऑलिव्हिया कोलमनने केंब्रिज सोडलं, मग मी का नको?’

पत्र : आम्ही बरीच वर्षं इंग्लंडमध्ये, रेडिंगला राहतो. मी हॉस्पिटलात नर्स आहे, मिस्टर आयटीत. मुलगी सतरा वर्षांची, इयर ट्वेल्व्हला (शाळेच्या शेवटून दुसऱ्या वर्षाला). ए-लेव्हलला (शाळेच्या शेवटच्या परीक्षेला) इंग्लिश लिटरेचर, हिस्टरी आणि सायकॉलॉजी. शाळेच्या प्रत्येक नाटकात असते, लाम्डाच्या अभिनयाच्या परीक्षांची सातवी ग्रेड चांगल्या मार्कांनी पास झाली आहे. मिस्टरांना वाटतं तिने लॉ करावं. ती म्हणते, ड्रामा स्कूल मिळालं तर ठीक, नाहीतर शिकायचंच नाही. काही बोलायला गेलं की ऑलिव्हिया कोलमन या नटीचा दाखला देते : ‘तिने केंब्रिज एका टर्ममध्ये सोडलं, तिचं काय वाईट झालं?’ तिचं ऑस्करचं भाषण हिला तोंडपाठ आहे. मिस्टर विचारतात, आपल्या आडनावाच्या मुलीला इथे काम कोण देणार, आणि नाही मिळालं तर खाणार काय? घरात रोज वादावादी होते. आमचं आयएलआर (इथे कायम राहण्याची परवानगी) झालेलं आहे. काय करावं?

उत्तर :

ताई, नमस्कार.

तुमच्या लेकीने उदाहरण छान निवडलंय, पण अर्धंच वाचलंय. तिला दिसतं केंब्रिज सोडणं आणि एकदम ऑस्कर. मधली वीस वर्षं तिने उडवली आहेत, आणि तुमच्या मिस्टरांची सगळी काळजी नेमकी त्याच वर्षांची आहे. म्हणून तुम्ही तिघांनी बसून ती वर्षं बघा. लॉ की नाटक, हा वाद मग बराचसा आपोआप बाजूला पडेल.

आधी त्या ‘केंब्रिज सोडलं’चं बघू. कोलमनचा जन्म १९७४चा, नॉरिचचा. आई नर्स, तुमच्यासारखीच, वडील सर्व्हेयर. सोळाव्या वर्षी शाळेच्या नाटकात मोठी भूमिका केली आणि मनात काय ते ठरलं. तरी पुढे ती गेली केंब्रिजच्या होमर्टन कॉलेजला, प्राथमिक शाळेची शिक्षिका होण्यासाठी. (हेलन मिरेन या नटीचंही असंच. तीही शिक्षिका होण्याच्या कोर्सला होती. चांगल्या घरातल्या मुलीने मास्तरीण व्हावं, हे फक्त आपल्याकडेच नव्हतं.) कोलमनचा जीव काही त्या कोर्समध्ये रमला नाही आणि एका टर्मनंतर तो सुटला, हे खरं. पण त्या एका टर्ममध्ये तिने एक काम करून ठेवलं होतं. फुटलाइट्स या विद्यार्थ्यांच्या विनोदी नाट्यमंडळाची ऑडिशन दिली होती. हे मंडळ १८८३ पासून चालू आहे, आणि इंग्लंडमधल्या विनोदी कार्यक्रमांचे निम्मे लेखक-नट तिथूनच आले असावेत असं वाटावं इतकी तिथल्या माजी विद्यार्थ्यांची यादी मोठी आहे. तिथे तिला डेव्हिड मिचेल आणि रॉबर्ट वेब हे पुढे विनोदी नट झालेले दोघं भेटले. एक हिस्टरी शिकत होता, दुसरा इंग्लिश. तुमच्या लेकीचेच विषय.

त्यानंतर ती ब्रिस्टल ओल्ड व्हिक थिएटर स्कूलमध्ये गेली आणि १९९९ मध्ये प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडली. म्हणजे तिने शिक्षण सोडलं नाही, एक कोर्स सोडून दुसरा पुरा केला. हे लेकीला शांतपणे दाखवा. शांतपणे म्हणजे, ‘बघ, मी सांगत नव्हते!’ असं नाही.

आणखी एक गोष्ट तिला सांगाच, कारण भाषणं तोंडपाठ करणाऱ्या मुली ती हमखास गाळतात. कोलमन ज्या ग्रेशॅम्स शाळेत शिकली ती नॉरफॉकमधली फी भरून शिकायची खासगी शाळा. अशा शाळांमध्ये चांगलं थिएटर असतं, नाटकाचे शिक्षक असतात. इंग्रजी अभिनयाच्या दुनियेत खासगी शाळांतून आलेल्यांचा भरणा मोठा आहे आणि त्यावर तिथे सतत चर्चाही चालते. दुसऱ्या टोकाला व्हिकी मॅक्लूर घ्या. नॉटिंगहॅमची मुलगी, लहानपणापासून तिथल्या सेंट्रल ज्युनियर टेलिव्हिजन वर्कशॉपमध्ये शिकली. लंडनच्या इटालिया कॉन्टी या नाट्यशाळेत तिची निवड झाली होती, पण पैशांअभावी जाता आलं नाही. वर्षानुवर्षं दुकानात, ऑफिसात नोकरी करत तिने कामं केली आणि २०११ मध्ये टीव्हीवरच्या सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळवला. दारं दोन्हीकडे आहेत, पण एका दारापर्यंत गाडी जाते आणि दुसऱ्यापर्यंत चालत जावं लागतं.

आता ती मधली वर्षं.

ब्रिस्टलमधून बाहेर पडल्यावर कोलमनला काही रांगेने कामं आली नाहीत. तिने लोकांच्या घरी साफसफाई केली, टेम्प (तात्पुरती कामं देणाऱ्या) एजन्सीमार्फत सेक्रेटरीची कामं केली. ऑस्करच्या भाषणातही ते आहे : मी क्लीनर होते, मला ते काम आवडायचं, आणि ते करता करता मी या दिवसाची स्वप्नं बघायचे. तुमच्या लेकीला हे वाक्य नक्की पाठ असेल. फक्त तिचं सगळं लक्ष ‘स्वप्नं’ या शब्दावर आहे. मिस्टरांना ‘क्लीनर’वर जास्त बोलावंसं वाटेल. मी दोघांना त्या वाक्याचा मधला तुकडा वाचायला सांगेन. ती ते काम रडत-कुढत करत नव्हती. ज्यांना अशा कामाची लाज वाटते ते या धंद्यात टिकत नाहीत, हे मी बऱ्याच मुलामुलींच्या बाबतीत पाहिलंय. अभिनय कमी पडला म्हणून सोडणाऱ्यांपेक्षा, ‘कॉलेजातल्या मैत्रिणींनी मला कॅफेत कप उचलताना पाहिलं तर?’ म्हणून सोडणारे जास्त.

२००० मध्ये तिला ‘ब्रूझर’ नावाची स्केच मालिका मिळाली. त्यात मिचेल आणि वेब होतेच. २००३ मध्ये ‘पीप शो’ सुरू झाला. पुन्हा तेच दोघं मुख्य भूमिकांत, आणि कोलमन त्यातल्या मार्क या पात्राच्या ऑफिसातली सोफी. हा कार्यक्रम २०१५ पर्यंत अधूनमधून चालू राहिला. शिवाय त्यांच्याबरोबर रेडिओवरचे विनोदी कार्यक्रम, इकडेतिकडे छोट्या भूमिका, आणि मोटार विम्याच्या जाहिराती. तेव्हा तिला टीव्हीवर बघणाऱ्या कुणालाही वाटलं असतं की ही गमतीदार साइड रोल करणारी नटी आहे, आणि तेवढीच राहील.

मग एक साखळी सुरू झाली, ती नीट बघण्यासारखी आहे. २००७ च्या ‘हॉट फझ’ या विनोदी चित्रपटात ती चावट विनोद करणारी गावातली पोलीस होती. त्याच चित्रपटात पॅडी कॉन्सिडाइन हा नट होता. त्याला स्वतः दिग्दर्शन करायचं होतं. त्याने त्याच सुमारास एक लघुपट केला, ‘डॉग ऑल्टुगेदर’, आणि त्यात पीटर मुलन या नटासमोर कोलमनला घेतलं. त्याच लघुपटातून पुढे २०११ मध्ये ‘टिरॅनोसॉर’ हा पूर्ण चित्रपट उभा राहिला. लीड्समधलं चॅरिटी शॉप, तिथे काम करणारी देवभोळी हॅना. एक संतापी, दारुडा माणूस दुकानात घुसतो आणि कपड्यांच्या रॅकमागे लपून बसतो. हॅना पोलिसांना बोलवत नाही, ओरडत नाही. ती हळूच विचारते, तुमच्यासाठी प्रार्थना करू का? आणि करते. थोड्या वेळाने आपल्याला कळतं की तिच्या स्वतःच्या घरात, नवऱ्याच्या हातून काय चाललंय. विनोदी मालिकांमधली ती बाई हीच, हे पटत नाही. त्या वेळी तिचं वय सदतीस होतं आणि थिएटर स्कूल सोडून बारा वर्षं झाली होती.

पुढचं तुमच्या लेकीला माहीत आहे, म्हणून भराभर सांगते. २०१३ मध्ये एकाच रात्री दोन बाफ्टा, एक गंभीर भूमिकेसाठी आणि एक विनोदी. ‘ब्रॉडचर्च’मधल्या डिटेक्टिव्हच्या भूमिकेसाठी २०१४ मध्ये आणखी एक. ‘द नाइट मॅनेजर’मध्ये तिची भूमिका मूळ कादंबरीत पुरुषाची आहे. मालिकेत ती बाईची केली, आणि चित्रीकरणाच्या वेळी कोलमन गरोदर होती म्हणून ते पात्रही गरोदर केलं. मग ‘द फेव्हरिट’साठी २०१९ चा ऑस्कर, पंचेचाळिसाव्या वर्षी. त्यानंतर ‘द क्राउन’च्या तिसऱ्या-चौथ्या पर्वात राणी, आणि २०२१ मध्ये एमी हा अमेरिकेतला टीव्ही पुरस्कार.

यातून मला काय दिसतं ते सांगते. तिला बरीच मोठी कामं आधीच्या लहान कामात भेटलेल्या माणसांकडून मिळत गेली. म्हणजे तुमच्या लेकीसाठी अठराव्या वर्षी विचारायचा प्रश्न ‘डिग्री की अभिनय’ हा नाही. प्रश्न दोन आहेत. तिच्या वयाची, तिच्यासारखीच वेडी, लिहिणारी-करणारी माणसं तिला कुठे भेटतील? आणि काम नसेल त्या महिन्यांत भाडं कसं भरेल?

पहिल्या प्रश्नाची उत्तरं बरीच आहेत, आणि ड्रामा स्कूल हे त्यांतलं फक्त एक. नॅशनल युथ थिएटर १४ ते २५ वयाच्या मुलांसाठी दरवर्षी ऑडिशन घेतं; १९५६ पासून चालू आहे. हेलन मिरेन तिथूनच पुढे आली, विसाव्या वर्षी त्यांची क्लिओपात्रा करून. याची ऑडिशन तिने या वर्षीच द्यावी, कशाचीही वाट न बघता. युनिव्हर्सिटीतली नाट्यमंडळंही तितकीच मोलाची. तिथे कुणी शिकवत नाही, पण नाटक बसवायला, लिहायला, पोस्टर चिकटवायला, तिकिटं विकायला लागतात, आणि चार वर्षांनी त्यातलाच एखादा दिग्दर्शक होतो.

एक गैरसमज इथेच दूर करते. लाम्डाची ग्रेड आणि लाम्डा ही नाट्यशाळा या वेगळ्या गोष्टी आहेत. सहावी, सातवी, आठवी ग्रेड असेल तर युनिव्हर्सिटी प्रवेशात युकासचे (सगळे प्रवेशअर्ज जिच्यामार्फत जातात त्या संस्थेचे) पॉइंट मिळतात, छान आहे. पण नाट्यशाळेच्या दारात त्या सर्टिफिकेटला कुणी विचारत नाही. तिथे एक शेक्सपिअर किंवा त्या काळातलं आणि एक आधुनिक, अशी दोन छोटी स्वगतं, आणि मग समोरचा माणूस म्हणेल तसं तेच स्वगत पुन्हा वेगळ्या तऱ्हेने. ग्रेडच्या परीक्षेला घोटून घेतलेल्या मुली या दुसऱ्या वेळी अडखळतात, कारण त्यांना ते एकाच तऱ्हेने बसलेलं असतं. तुम्ही घरी हे करून बघा. पहिली फेरी बहुधा व्हिडिओवरच असते. मोबाइल उभा करून ठेवा, मागे साधी भिंत, खिडकीचा उजेड तोंडावर. एकदा तिने केलं की तिला सांगा, आता हेच बस चुकत असताना बोल. मग सांगा, शेजारच्या खोलीत बाळ झोपलंय. ती वैतागते की तिला मजा येते, हे दोन मिनिटांत कळेल, आणि हे तुम्हाला कुठल्याही समुपदेशकापेक्षा जास्त सांगून जाईल.

जागा फार कमी असतात. राडा या नामवंत नाट्यशाळेत अभिनयाच्या पदवीला वर्षाला तीसच्या आतबाहेर मुलं घेतात आणि अर्ज हजारोंनी येतात. पहिल्या वर्षी नकार आला तर त्यावरून तिच्या अभिनयाबद्दल काहीही सिद्ध होत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी निवड झालेले तिथे भरपूर भेटतील.

आता पैसे. मिस्टरांनी हा भाग स्वतः वाचावा, आयटीतल्या माणसाला आकडे आवडतात. आयएलआर झालंय म्हणजे तुमच्या मुलीला होम फी (इथल्याच विद्यार्थ्यांची कमी फी) लागेल आणि स्टुडंट लोनही मिळेल. (वर्क व्हिसावरच्या कुटुंबांचे नियम वेगळे आहेत, असे वाचक असतील त्यांनी हा परिच्छेद स्वतःला लावून घेऊ नये.) २०२५-२६ साठी पदवीची कमाल फी वर्षाला ९,५३५ पौंड होती, आणि नामवंत नाट्यशाळांची पदवीही त्याच चौकटीत बसते. लॉ करा नाहीतर अभिनय, फी सारखीच. कर्जाची परतफेड पगार वर्षाला २५ हजार पौंडांच्या वर गेल्यावरच, आणि वरच्या रकमेच्या ९ टक्के. म्हणजे रिकाम्या वर्षांत हप्ता नाही. चाळीस वर्षांनी उरलेलं कर्ज माफ. आपल्याकडच्या बँकेच्या कर्जासारखं हे डोक्यावर बसत नाही.

पण एक मेख आहे. पदवीसाठी हे कर्ज साधारण चार वर्षांच्या फीपुरतंच मिळतं : तीन वर्षांचा कोर्स अधिक एक जादा वर्ष. कोलमनसारखा एखादा कोर्स एका टर्ममध्ये सोडला तर त्या जादा वर्षाला कात्री लागते. लॉची तीन वर्षं पुरी करून ‘आता मी अभिनयाची पदवी करते’ म्हटलं, तर बहुतेक फी तुमच्या खिशातून. पदवीनंतर अभिनयात एमए करता येतं, त्यासाठी वेगळं कर्ज असतं, पण ते एकूण सुमारे १३ हजार पौंड आणि नाट्यशाळांच्या एमएची फी त्याहून बरीच जास्त असू शकते. म्हणून ‘आधी लॉ, मग तुला हवं ते’ ही तडजोड ऐकायला समजूतदार वाटते, पण हिशोबात ती सर्वांत महाग आहे. शिवाय ज्या मुलीला लॉ नको आहे ती त्यात दुय्यम मार्क मिळवेल, आणि तशा डिग्रीवर सॉलिसिटरची ट्रेनिंगची जागाही मिळणं अवघड. ना इकडची, ना तिकडची.

माझा सल्ला असा. येत्या वर्षी तिने दोन्ही रांगांत उभं राहावं. तीन-चार नाट्यशाळांच्या ऑडिशन द्याव्यात (काही युकासमार्फत अर्ज घेतात, काहींचा स्वतःचा फॉर्म असतो, तारखा वेगवेगळ्या, एक वही करा). ऑडिशनची फी कुठे किती आणि ती माफ कुणाला होते तेही त्यात लिहा. त्याचबरोबर युकासच्या पाच जागांवर इंग्लिश, हिस्टरी, किंवा इंग्लिश आणि ड्रामा. ब्रिस्टल आणि मँचेस्टर ही नावं तिने बघावीत. इंग्लंडमधल्या युनिव्हर्सिटीतला पहिला नाट्यविभाग १९४०च्या दशकात ब्रिस्टललाच निघाला. तिला केंब्रिज-ऑक्सफर्डचं खरंच आकर्षण असेल तर शेवटची तारीख १५ ऑक्टोबर. युकासमध्ये एकच पर्सनल स्टेटमेंट सगळीकडे जातं, त्यामुळे लॉ आणि ड्रामा एकाच अर्जात कोंबू नका, दोन्हीकडे फसतं. चांगल्या नाट्यशाळेत तीन वर्षांच्या पदवीला निवड झाली तर पाठवा, मागेपुढे पाहू नका. नाही झाली तर युनिव्हर्सिटी, आणि पहिल्याच आठवड्यात नाट्यमंडळाची ऑडिशन. ‘नाहीतर शिकायचंच नाही’ हे मात्र चालणार नाही. घरी बसून फक्त ऑडिशनची वाट बघणाऱ्या मुलीला माणसंच भेटत नाहीत.

भाड्याचं काय, याचं उत्तर तुमच्याच घरात आहे. तुम्ही बँक शिफ्ट म्हणजे काय ते जाणता. हवी तेव्हा शिफ्ट घ्यायची, नको तेव्हा नाही. नटाला असंच काम लागतं, कारण सेल्फ-टेपची (घरीच रेकॉर्ड करून पाठवायच्या ऑडिशनची) मागणी शुक्रवारी संध्याकाळी येते आणि ती सोमवारी सकाळी द्यायची असते. नऊ ते पाचच्या साहेबाला ते झेपत नाही. हेल्थकेअर असिस्टंटचं प्रशिक्षण ती अठरा पूर्ण झाल्यावर सुट्टीत घेऊ शकते. शिकवण्या, थिएटरच्या तिकीट खिडकीवरचं काम, टेम्पिंग, हेही त्याच जातीचं. हाताशी असं एक काम असलेली मुलगी दहा वर्षं दम धरू शकते. सुरुवात याच सुट्टीत करू द्या. तिला ते काम जमतंय का हे तिलाही कळेल, आणि ‘खाणार काय’ हा मिस्टरांचा प्रश्न थोडा मवाळ होईल.

राहिला आडनावाचा प्रश्न. मिस्टरांना सांगा, काळ अगदी सोपा झालेला नाही, पण बराच बदललाय. आर्ची पंजाबीने ब्रुनेल युनिव्हर्सिटीतून मॅनेजमेंटची पदवी घेतली, इंग्लंडमध्ये कामं केली आणि २०१० मध्ये अमेरिकेत ‘द गुड वाइफ’साठी एमी घेतला. इंदिरा वर्मा राडाची. चरित्रा चंद्रन ऑक्सफर्डमध्ये राजकारण, तत्त्वज्ञान आणि अर्थशास्त्र शिकली आणि मग ‘ब्रिजर्टन’मध्ये आली. तिघींच्या वाटा तीन तऱ्हेच्या आहेत, आणि तिघींनीही आपली आडनावं तशीच ठेवली. कोलमनला मात्र स्वतःचं नाव बदलावं लागलं. तिचं खरं नाव सारा, पण नटांच्या इक्विटी या संघटनेत एका नावाचे दोन सभासद चालत नाहीत आणि सारा कोलमन तिथे आधीच एक होती. तुमच्या आडनावाची दुसरी कुणी इक्विटीत असेल अशी भीती मला तरी वाटत नाही.

पुढचं पत्र तिला लिहू द्या, तुम्ही नको. कुठली दोन स्वगतं निवडली आणि का, कुठल्या शाळांच्या तारखा वहीत लिहिल्या, आणि सुट्टीत कुठे काम बघितलं, एवढंच लिहायला सांगा. स्वगतं मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवली तर तीही बघेन.